नाही पटत, तरी सरकार एक: आघाडी चालते तरी कशी?

प्रचारसभांत ज्यांनी एकमेकांची उणीदुणी काढली, तेच निकालानंतर एका व्यासपीठावर हात उंचावून उभे राहतात आणि घराघरांत एकच प्रश्न निघतो: मग आम्ही मत दिलं ते कशाला? महाराष्ट्राने गेल्या काही वर्षांत हा प्रश्न इतक्या वेळा विचारलाय की आता त्यात रागापेक्षा कंटाळाच जास्त ऐकू येतो. शिवसेना काँग्रेसबरोबर गेली. अजित पवार भाजपबरोबर गेले. मंत्रालयात शेजारी बसणारे पक्ष नगरपालिकेच्या निवडणुकीत समोरासमोर उभे राहतात.

‘सत्तेसाठी काहीही’ असं म्हणून विषय मिटवता येतो, आणि ते खोटंही नाही. पण सत्ता तर सगळ्यांनाच हवी असते. मग काही आघाड्या पाच वर्षं कशा निघतात आणि काही अडीच वर्षांत का कोसळतात, याचं उत्तर त्यात मिळत नाही. ते शोधायला २०१९ च्या महाविकास आघाडीइतकं चांगलं उदाहरण नाही, कारण त्यात सगळंच घडलं.

आधी आकडा, मग विचार

महाराष्ट्र विधानसभेत २८८ जागा. निम्म्याहून एक जास्त, म्हणजे १४५ आमदार ज्याच्या पाठीशी, त्याचं सरकार. २४ ऑक्टोबर २०१९ ला निकाल लागला: भाजप १०५, शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४, काँग्रेस ४४. भाजप आणि सेना एकत्र लढले होते आणि दोघांचे मिळून १६१ होत होते. सरकार तर तयारच होतं. पण मुख्यमंत्रिपद अडीच-अडीच वर्षं वाटून घ्यायचं ठरलं होतं असं सेनेचं म्हणणं, आणि असा शब्द दिलाच नव्हता असं भाजपचं. युती तिथे तुटली.

आता उरलेली गणितं करून बघा. अपक्ष आणि छोटे पक्ष मिळून २९ आमदार होते. ते सगळेच्या सगळे भाजपकडे गेले असते तरी आकडा १३४ वर थांबला असता. दुसऱ्या बाजूला सेना, राष्ट्रवादी आणि काँग्रेस मिळून १५४. यातली काँग्रेस, म्हणजे तिघांतला सर्वांत छोटा पक्ष, बाजूला काढली आणि ते २९ जण इकडे आणले, तरी १३९ च होतात.

चौघांत चौथ्या क्रमांकावर आलेल्या काँग्रेसला ‘आमच्याशिवाय करून दाखवा’ म्हणता आलं, ते या बेरजेमुळे. आघाडीत पक्षाचं वजन त्याच्या आमदारांच्या संख्येवर ठरत नाही. तो उठून गेला तर सरकार पडतं का, यावर ठरतं. त्यामुळे एखाद्या छोट्या पक्षाला इतका भाव का मिळतोय असं वाटलं, की त्याचे आमदार वजा करून बघावेत. बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडतं.

राज्यपाल कुणाला बोलावतात?

राज्यघटनेचं कलम १६४ इतकंच सांगतं की मुख्यमंत्र्याची नेमणूक राज्यपाल करतील. कुणाला आधी बोलवायचं, किती दिवस द्यायचे, यावर ते गप्प आहे. सरकारिया आयोगाने १९८८ मध्ये एक क्रम सुचवला: आधी निवडणुकीपूर्वी झालेली युती, मग इतरांचा पाठिंबा घेऊन दावा करणारा सर्वांत मोठा पक्ष, मग निकालानंतर जुळलेली आणि सगळ्यांनी सत्तेत सामील व्हायचं ठरवलेली आघाडी, आणि शेवटी काहीजण सरकारात व काहीजण बाहेरून पाठिंबा देणार अशी आघाडी. हा क्रम सल्ल्यासारखा आहे, कायद्यासारखा नाही. बोम्मई खटल्यात १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मात्र एक गोष्ट पक्की केली. बहुमत आहे की नाही याचा निकाल राजभवनात लागत नाही, तो सभागृहात लागतो. त्यासाठी जे मतदान होतं त्याला विश्वासदर्शक ठराव म्हणतात.

२०१९ मध्ये राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी आधी भाजपला विचारलं. भाजपने १० नोव्हेंबरला नकार कळवला. मग सेनेला ११ तारखेच्या संध्याकाळपर्यंतची मुदत मिळाली. त्या दिवशी सेनेचे केंद्रातले मंत्री अरविंद सावंत राजीनामा देऊन मोकळे झाले, आदित्य ठाकरे राजभवनावर पोचले, पण काँग्रेस-राष्ट्रवादीची पाठिंब्याची पत्रं काही आली नाहीत. वाढीव मुदत मागितली, ती मिळाली नाही. १२ तारखेला राष्ट्रपती राजवट लागली. बातम्यांत आपण ‘चर्चा सकारात्मक’ ऐकत असतो, पण राज्यपालांपुढे चर्चेला किंमत नसते. तिथे लागतो सह्यांचा कागद.

आणि तो कागदही कसा फिरू शकतो, हे २३ नोव्हेंबरच्या सकाळी दिसलं. अजित पवार तेव्हा राष्ट्रवादीचे विधिमंडळ पक्षनेते होते, म्हणजे पक्षाच्या आमदारांनी निवडलेले आणि त्यांच्या वतीने बोलायचा अधिकार असलेले नेते. राष्ट्रवादीच्या ५४ आमदारांच्या सह्यांची यादी त्यांच्या हाती होती. ती पाठिंब्याची यादी म्हणून राजभवनात गेली आणि देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री, अजित पवार उपमुख्यमंत्री असा तो प्रसिद्ध ‘पहाटेचा शपथविधी’ उरकला. सह्या बैठकीच्या हजेरीसाठी होत्या, असं राष्ट्रवादीचं म्हणणं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने २६ तारखेला सांगितलं की उद्या संध्याकाळी ५ च्या आत सभागृहात मतदान घ्या, तेही गुप्त नको, आणि थेट प्रक्षेपण करा. मतदानाची वेळच आली नाही. त्याच दिवशी आधी पवार आणि मग फडणवीस यांनी राजीनामा दिला. २८ ला शिवाजी पार्कवर उद्धव ठाकरेंचा शपथविधी झाला आणि ३० ला १६९ मतांनी ठराव मंजूर झाला.

किमान समान कार्यक्रम: भांडायचं नाही त्या गोष्टींची यादी

आता मुख्य मुद्दा. सेना हिंदुत्ववादी, काँग्रेस धर्मनिरपेक्ष म्हणवणारी. यांनी मिळून राज्य करायचं कशाच्या जोरावर? त्यासाठी जो कागद तयार होतो त्याला ‘किमान समान कार्यक्रम’ म्हणतात: सगळ्या भागीदारांना मान्य असलेल्या कामांची लेखी यादी.

गावाकडे भाऊबंदांची सामाईक विहीर असते, तसं हे आहे. एकमेकांच्या ओट्यावर न चढणारे चुलतभाऊ पाण्याची पाळी मात्र चुकवत नाहीत. कुणाचे चार तास, कुणाचे सहा, मोटार जळली तर कोण किती भरणार, हे ठरलेलं असतं. कोण कुठलं पीक घेतो आणि कुणाची सोयरीक कुठे जमली, हे विहिरीवर काढायचं नाही. काढलं की पाळी मोडते.

महाविकास आघाडीचा कागद लहानच होता. अवकाळी पावसाने झोडपलेल्या शेतकऱ्यांना मदत, कर्जमाफी, स्थानिकांना नोकऱ्यांत ८० टक्के वाटा, १० रुपयांत थाळी, तालुक्याला १ रुपयात आरोग्य तपासणी. थाळी सेनेच्या जाहीरनाम्यातली. यातली काही कामं झपाट्याने झालीही. डिसेंबरमध्ये नागपूरच्या अधिवेशनात २ लाखांपर्यंतच्या कर्जमाफीची घोषणा झाली, २६ जानेवारी २०२० ला शिवभोजन थाळी सुरू झाली. अशा कामांवर विचारसरणीचा शिक्का नसतो. कुठल्याही पक्षाचं सरकार असतं तरी यातलं बरंचसं आलंच असतं.

खरी कसरत होती ती प्रस्तावनेत. घटनेतल्या धर्मनिरपेक्ष मूल्यांशी बांधील राहू, असं वाक्य काँग्रेसच्या आग्रहाने त्यात आलं. सेनेला ते गिळता आलं, कारण ते घटनेच्या नावाने आलं होतं. पुढे आणखी एक तरतूद होती: राष्ट्रीय किंवा राज्य पातळीवरच्या वादग्रस्त मुद्द्यांवर तिन्ही पक्ष सल्लामसलत करून एकमताने भूमिका घेतील. याचा सरळ अर्थ, एकमत झालं नाही तर त्या विषयाला हात लावायचा नाही. हे बघायला मंत्र्यांची एक आणि पक्षांची एक, अशा दोन समन्वय समित्याही ठरल्या.

कागदाची परीक्षा शपथविधीला दोन आठवडे व्हायच्या आत झाली. नागरिकत्व दुरुस्ती विधेयकाला सेनेने ९ डिसेंबरला लोकसभेत पाठिंबा दिला. काँग्रेसमधून नाराजी आली. ११ डिसेंबरला राज्यसभेत सेनेने मतदानात भागच घेतला नाही. बाजू बदलली नाही आणि राखलीही नाही. आघाडीतल्या पक्षाचं हे ठरलेलं तंत्र आहे. मतदानाच्या वेळी बाहेर जाणं ही पळवाट वाटते, पण आघाडीत तीच बऱ्याचदा तडजोड असते.

मौन लेखी कसं करतात, याचा सर्वांत ठसठशीत नमुना जम्मू-काश्मीरचा आहे. २०१५ मध्ये तिथला प्रादेशिक पक्ष पीडीपी आणि भाजप एकत्र आले. कलम ३७० वर दोघांच्या भूमिका विरुद्ध टोकाच्या. त्यांनी करारात असं लिहिलं की दोन्ही पक्षांची मतं वेगळी आहेत हे मान्य आहे, पण आहे ती घटनात्मक स्थिती कायम राहील. कुणी आपलं मत सोडलं नाही. फक्त अंमलबजावणी गोठवली. जून २०१८ मध्ये भाजप बाहेर पडला आणि पुढच्याच वर्षी ३७० हटवलं गेलं. त्याआधी वाजपेयींच्या काळातही राम मंदिर, ३७० आणि समान नागरी कायदा हे विषय आघाडीच्या कार्यक्रमाबाहेर ठेवले होते. बाजूला ठेवलेला विषय संपत नाही, तो चांगल्या आकड्याची वाट बघतो.

खातेवाटपात एवढा वेळ का जातो?

लोकांना याचीच जास्त चीड येते. पण खातं म्हणजे फक्त बंगला आणि लाल दिवा नाही. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या १५ टक्क्यांवर आणली, म्हणजे महाराष्ट्रात कमाल ४३. एवढ्यात तीन पक्ष, विभाग, जिल्हे, समाज सगळं बसवायचं. सेनेला मुख्यमंत्र्यांसह १५, राष्ट्रवादीला १६, काँग्रेसला १२ आणि विधानसभा अध्यक्षपद, असं वाटप झालं.

यात एक बारीक गोष्ट होती, जी पुढे महागात पडली. मुख्यमंत्री सेनेचा, पण अर्थ आणि गृह ही दोन्ही खाती राष्ट्रवादीकडे. आमदाराला मतदारसंघात रस्ता, सभामंडप, पाण्याची टाकी दाखवावी लागते आणि त्यासाठीची फाईल अर्थखात्यातून जाते. सेनेच्या आमदाराविरुद्ध गेल्या निवडणुकीत जो उभा होता तो कैक ठिकाणी राष्ट्रवादीचाच, आणि आता त्याच्या पक्षाच्या मंत्र्याकडे तिजोरी. ‘सरकार आपलं, निधी त्यांना’ ही कुरकुर पहिल्या वर्षापासून होती.

पण ही मतदाराची फसवणूक नाही का?

कायद्याच्या भाषेत नाही. निवडणूकपूर्व युती हा दोन पक्षांमधला शब्द असतो, मतदाराशी केलेला करार नव्हे. पक्षांतरबंदीचा कायदा, म्हणजे घटनेची दहावी अनुसूची, एकेकट्या आमदाराने पक्ष सोडण्यावर आहे. अख्खा पक्षच एका बाजूने उठून दुसऱ्या बाजूला बसला तर तो कायदा लागू होत नाही. २०१९ मध्ये या आघाडीविरुद्ध याचिका झाली तेव्हा कुणी कुणाशी युती करावी हे ठरवणं न्यायालयाचं काम नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं.

नैतिकदृष्ट्या मात्र प्रश्न रास्त आहे, आणि तो दोन्ही बाजूंना विचारायला हवा. १९७८ च्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात, शरद पवार पहिल्यांदा मुख्यमंत्री झाले तेव्हा, हिंदुत्ववादी जनसंघातून जनता पक्षात आलेली मंडळी आणि डाव्या शेकापचे (शेतकरी कामगार पक्षाचे) गणपतराव देशमुख एकाच मंत्रिमंडळात होते. तेव्हाही ‘पाठीत खंजीर’ म्हटलं गेलंच. आजच्या महायुतीतही डिसेंबर २०२३ मध्ये फडणवीसांनी अजित पवारांना जाहीर पत्र लिहून राष्ट्रवादीच्या नवाब मलिकांना सोबत घेण्यावर आक्षेप घेतला होता, आणि २०२४ च्या प्रचारात ‘बटेंगे तो कटेंगे’ ही घोषणा महाराष्ट्रात चालणार नाही, असं अजित पवार उघड म्हणाले होते. वैचारिक फट सगळीकडेच आहे.

मला स्वतःला निकालानंतरच्या आघाडीत गैर वाटत नाही. कुणालाच बहुमत मिळालं नसेल तर कुणीतरी कुणाशी तरी बोलावंच लागणार, नाहीतर पुन्हा निवडणूक आणि तिचा खर्च. गैर वाटतं ते हे, की कागद घाईघाईत होतो आणि पक्षाच्या सामान्य सभासदाला कुणी विचारत नाही. जर्मनीत २०२१ ची निवडणूक २६ सप्टेंबरला झाली. सोशल डेमोक्रॅट, ग्रीन आणि बाजारवादी एफडीपी यांना करारावर यायला २४ नोव्हेंबर उजाडला. करार पावणेदोनशे पानांच्या घरात. मग दोन पक्षांनी तो आपापल्या अधिवेशनात मांडला आणि ग्रीन पक्षाने तर सर्व सभासदांचं मतदान घेतलं. न्यायालयात अशा करारालाही फारशी किंमत नसते, पण नंतर कुणी ‘आम्हाला माहीत नव्हतं’ म्हणू शकत नाही. तेही सरकार नोव्हेंबर २०२४ मध्ये अर्थसंकल्पावरून कोसळलं, हा भाग वेगळा. जाड करार म्हणजे टिकाऊ सरकार असंही नाही.

मग सरकार पडतं कशामुळे?

महाविकास आघाडीचं भाकीत करणारे म्हणत होते की सावरकरांवरून किंवा हिंदुत्वावरून काँग्रेस आणि सेनेचं फाटेल. कुरबुरी झाल्या, फाटलं नाही. सरकार पडलं ते एका पक्षाच्या आतून. २० जून २०२२ ला विधान परिषदेची निवडणूक झाली, त्या रात्री एकनाथ शिंदे काही आमदारांसह सुरतला गेले, तिथून गुवाहाटी, आणि बघता बघता सेनेच्या तेव्हाच्या ५५ पैकी चाळीसच्या आसपास आमदार तिकडे. त्यांनी कारण दिलं हिंदुत्वाचं. त्याच जोडीने राष्ट्रवादीकडून होणाऱ्या निधीच्या कोंडीचंही दिलं. कुठलं कारण खरं यावर वाद घालता येईल. पण पुढच्याच वर्षी जुलैत अजित पवार त्याच शिंदे सरकारात आले आणि अर्थखातं पुन्हा त्यांच्याकडेच गेलं, तेव्हा निधीची तक्रार करणाऱ्यांनी राजीनामे दिले नाहीत, एवढं खरं.

नियम इथे समजून घ्यायला हवा. पूर्वी एक तृतीयांश आमदार फुटले तर ती ‘फूट’ म्हणून चालायची. २००३ च्या दुरुस्तीने ती सोय काढली. आता दोन तृतीयांश आमदारांनी दुसऱ्या पक्षात विलीन व्हायचं, एवढीच पळवाट. शिंदे गटाने विलीनीकरण केलंच नाही. आम्हीच मूळ शिवसेना, असा दावा केला. निवडणूक आयोगाने फेब्रुवारी २०२३ मध्ये नाव आणि धनुष्यबाण त्यांना दिला आणि जानेवारी २०२४ मध्ये विधानसभा अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी कुणालाच अपात्र ठरवलं नाही.

अपात्रतेचा निर्णय अध्यक्ष घेतो, हे इथे फार मोलाचं. आणि आघाडीने नेमकी ती खुर्ची मोकळी सोडली होती. काँग्रेसचे नाना पटोले प्रदेशाध्यक्ष होण्यासाठी फेब्रुवारी २०२१ मध्ये अध्यक्षपद सोडून गेले. नंतर निवडणूक कशी घ्यायची यावरून राज्यपालांशी वाद झाला आणि जुलै २०२२ पर्यंत विधानसभेला अध्यक्षच नव्हता. बंड झालं तेव्हा उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांच्यावर सगळा भार आला. आघाडीच्या राजकारणात याहून मोठा हलगर्जीपणा मला तरी आठवत नाही.

दुसरी चूक न्यायालयाने पुढे दाखवून दिली. ठाकरेंनी २९ जूनला मतदानाला सामोरं न जाता राजीनामा दिला. ११ मे २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की राज्यपालांनी बहुमत सिद्ध करायला सांगणं योग्य नव्हतं, पण मुख्यमंत्र्यांनी स्वतःहून राजीनामा दिल्यामुळे जुनं सरकार परत आणता येत नाही.

म्हणजे विचारसरणीचा काही फरकच पडत नाही?

पडतो. सरकार पडण्यात कमी आणि फाईल पडून राहण्यात जास्त. फेब्रुवारी २०२० मध्ये नवाब मलिकांनी शिक्षणात मुस्लिमांना ५ टक्के आरक्षणाचा कायदा आणू असं सांगितलं. काही दिवसांत ठाकरे म्हणाले, असा प्रस्ताव माझ्यापुढे आलेलाच नाही. विषय तिथेच राहिला. उलट बाजूनेही तेच. जानेवारी २०२१ मध्ये मुख्यमंत्री कार्यालयाच्या ट्विटर खात्यावर औरंगाबादचा उल्लेख ‘संभाजीनगर’ झाला आणि काँग्रेसचे बाळासाहेब थोरात यांनी हरकत घेतली. सेनेची तीस वर्षांहून जुनी मागणी, मुख्यमंत्री सेनेचा, आणि तरी नामांतराची फाईल हलत नव्हती.

ती हलली २९ जून २०२२ ला, सरकारच्या शेवटच्या मंत्रिमंडळ बैठकीत, जेव्हा कुणाला उठून जायची धमकी देण्यात अर्थ उरला नव्हता. औरंगाबादचं संभाजीनगर, उस्मानाबादचं धाराशिव, आणि काँग्रेसचे मंत्रीही त्याच मंत्रिमंडळातले. नव्या शिंदे-फडणवीस सरकारने त्या निर्णयाच्या वैधतेवर बोट ठेवलं आणि १६ जुलैला तोच निर्णय पुन्हा घेतला, संभाजीनगरच्या आधी ‘छत्रपती’ जोडून.